हलक्या तंबूंची प्रत्यक्ष चाचणी

तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट, पावसाळी जॅकेट असे पाठीवर वाहून न्यायचे साहित्य ज्या हवेत आणि ज्या जमिनीवर वापरायचे, तिथेच पुरेसा काळ वापरून पाहणे आणि जे दिसले ते परिस्थितीसह नोंदवणे, याला प्रत्यक्ष चाचणी म्हणतात. गिर्यारोहक, ध्रुवीय प्रवासी, लष्कर, उत्पादक आणि हौशी ट्रेकर ती आपापल्या परीने करत आले आहेत. प्रयोगशाळेत कापड तपासले जाते. डोंगरावर कापड, शिवण, दोऱ्या, जमीन, वारा आणि आत झोपलेला माणूस यांची एकत्र परीक्षा होते. दोन माणसांचा दीड किलोच्या आसपासचा तंबू आज सहज मिळतो. पण वजन घटवताना कापड पातळ होते, काठ्या बारीक होतात आणि जड तंबूत जी ताकद शिल्लक असायची ती उरत नाही. म्हणून साहित्य जितके हलके, तितकी ही चाचणी अधिक गरजेची.

लेबलावरचे आकडे

तंबूच्या कापडावर ‘3,000 मिमी’ असा आकडा असतो. तो कापडाने पेललेल्या पाण्याच्या स्तंभाची उंची सांगतो. कापड घट्ट पकडून एका बाजूने पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब दिसले की मोजणी थांबवतात. हिशेब सोपा आहे : 1,000 मिमी स्तंभ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 100 ग्रॅम दाब. आता तंबूत गुडघ्यांवर उभ्या राहिलेल्या 70 किलोच्या माणसाचा विचार करा. त्याचे वजन दोन्ही गुडघे मिळून 100 चौरस सेंटिमीटरवर आले, तर दाब 7,000 मिमी स्तंभाइतका होतो. ओल्या जमिनीवर पाठीखाली कोरडा राहिलेला तळ नेमका गुडघा आणि कोपर टेकले तिथेच ओला का होतो, ते यातून कळते. शिवाय लेबलावरचा आकडा नव्या कापडाचा असतो. घड्या पडून, घासून, उन्हात राहून तो खाली येतो.

स्लीपिंग बॅगचे तापमान-आकडेही असेच जपून वाचावेत. प्रमाणित चाचणीत तापवलेला पुतळा बॅगेत ठेवून उष्णता किती निसटते ते मोजतात. त्यातले ‘कम्फर्ट’ तापमान प्रमाण स्त्रीसाठी आणि ‘लिमिट’ तापमान प्रमाण पुरुषासाठी काढलेले असते. विक्रेते पुष्कळदा दुसरा, म्हणजे अधिक थंड आकडाच ठळक छापतात. मॅटची उष्णतारोधकता मोजण्याची एकसमान अमेरिकी पद्धत 2018 मध्ये आली आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या मॅटची तुलना करणे शक्य झाले. ही मोठी सोय आहे. मात्र पुतळा कूस बदलत नाही, उपाशी झोपत नाही आणि उतारावरून रात्रभर खाली घसरत नाही.

आतले पाणी

हलक्या तंबूची खरी परीक्षा बहुधा पावसापेक्षा आतल्या ओलाव्याने होते. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. दोघे असले की दुप्पट, आणि ओले कपडे आत घेतले तर त्याहून जास्त. निरभ्र रात्री तंबूचे पातळ छप्पर आकाशाकडे उष्णता टाकत राहते, भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि आतली वाफ त्यावर दवासारखी धरते. दुहेरी तंबूत आतली जाळी अंगाला ओल्या कापडापासून दूर ठेवते. एकेरी तंबूत पहाटे बॅगेचे टोक कापडाला लागले की तिथे गोल ओला डाग पडतो. म्हणूनच जागेची निवड ही चाचणीचाच भाग असते. नदीकाठच्या खोलगट जागी थंड दमट हवा साचते, तर झाडाखाली आकाश झाकले गेल्याने दव कमी धरते.

‘तंबू गळतो’ ही तक्रार तपासण्याची एक साधी रीत आहे. तंबू आतून पुसून कोरडा करावा, दारे लावावीत आणि पावसात तो रिकामाच उभा ठेवावा. तरीही आत तुषार दिसले, तर दोष कापडात किंवा शिवणीत आहे. माणूस झोपल्यावरच दिसले, तर छपरावर जमलेले थेंब पावसाच्या माऱ्याने झटकले जाऊन खाली येत आहेत. पहिल्या दोषाला शिवण बुजवणे हा उपाय, दुसऱ्याला हवा खेळती ठेवणे. सिलिकॉनचा लेप दिलेल्या कापडावर सहसा शिवण बुजवणारी पट्टी चिकटत नाही, त्यामुळे अशा तंबूंच्या शिवणी अनेकदा घेणाऱ्यालाच हाताने बुजवाव्या लागतात.

या आतल्या पाण्याचा सर्वांत भीषण पुरावा अंटार्क्टिकातला आहे. 1911 च्या जूनअखेरीस, ध्रुवीय हिवाळ्याच्या अंधारात, रॉबर्ट स्कॉट यांच्या टेरा नोव्हा या दक्षिण ध्रुव मोहिमेतील एडवर्ड विल्सन, हेन्री बावर्स आणि ॲप्स्ली चेरी-गॅरर्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप क्रोझियरकडे निघाले. पाच आठवड्यांच्या या प्रवासात तापमान उणे 60 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. रोजचा घाम आणि श्वास रेनडियरच्या कातड्याच्या बॅगांत गोठत गेला; परतताना त्या बॅगांचे वजन दुपटीच्या घरात पोचले होते. एका वादळात त्यांचा तंबू उडून गेला आणि नशिबाने खाली उतारावर सापडला, नाहीतर तिघेही परतते ना. याच प्रवासात त्यांनी आहाराचीही ठरवून चाचणी घेतली : बिस्किटे, पेमिकन (सुके मांस आणि चरबी यांचे मिश्रण) आणि लोणी यांचे प्रमाण प्रत्येकाने वेगळे ठेवून कोणाला काय मानवते ते पाहिले आणि ध्रुवाच्या वाटेवरचा शिधा ठरवायला ते कामी आले. सुसज्ज प्रयोगशाळेलाही जमणार नाही असे निरीक्षण त्या तिघांनी स्वतःच्या देहावर केले. या विषयात त्यांना मानाचे स्थान द्यायला हवे.

वारा आणि जमीन

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 30 किमीचा वारा 60 झाला की तंबूवरचा दाब चौपट होतो. प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात (विंड टनेल) झोत एका दिशेने आणि एकसारखा असतो. कड्याच्या धारेवर तो झटक्यांनी येतो आणि दिशा बदलतो. तंबू मोडतो तोही बहुधा झटक्याने, आडव्या बाजूने आणि एखादी खुंटी उपटल्यावर. त्यामुळे खुंटी कोणत्या जमिनीत, किती खोल, कोणत्या कोनात मारली होती हे न सांगता ‘तंबू वाऱ्यात टिकला’ असे म्हणण्याला फारसा अर्थ नाही.

कापडाचा स्वभावही इथेच कळतो. नायलॉन पाणी शोषते आणि ओले झाले की ताणले जाते. संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला तंबू मध्यरात्री सैल होऊन फडफडतो आणि दोऱ्या पुन्हा ओढून घ्याव्या लागतात. पॉलिस्टर फार कमी पाणी शोषते, म्हणून ताण टिकवते. मात्र त्याच वजनात नायलॉनची ताकद आणि झटका पचवण्याची लवचीकता त्याला नसते. डायनिमा नावाचे अतिशय मजबूत कृत्रिम तंतू दोन पातळ पडद्यांत चिकटवून केलेले कापड पाणी शोषत नाही आणि ताणतही नाही. याचा पूर्वज 1992 च्या अमेरिका कप नौकाशर्यतीतील शिडांसाठी वापरला गेला होता. ते महाग असते, घासले गेले की लवकर झिजते आणि घडी घातल्यावर जागाही जास्त घेते.

पूर्वीचे प्रयोग

हलक्या तंबूची कल्पना नवी नाही. इंग्रज गिर्यारोहक आल्बर्ट ममेरी यांनी आल्प्समध्ये रेशमी कापडाचा, दोन किलोंपेक्षाही हलका तंबू वापरला. त्याला वेगळ्या काठ्या नव्हत्याच. हिमकुऱ्हाडीच खांबांचे काम करत. आजचे ट्रेकिंग पोलवर उभे राहणारे तंबू याच घराण्यातले. ममेरी 1895 मध्ये नंगा पर्वतावर मरण पावले. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच फुग्याच्या कापडात आयडर बदकाची पिसे भरून शिवलेला कोट घेऊन गेले. सहकारी आधी हसले, पण वर थंडीने गाठल्यावर त्यांनाही त्या कोटाचे मोल कळले. 1953 च्या यशस्वी मोहिमेने यातून पद्धत घडवली. वारारोधक कापड आधी वाऱ्याच्या बोगद्यात तपासले गेले आणि डिसेंबर 1952 मध्ये मोहिमेचे नेते जॉन हंट काही सहकाऱ्यांसह स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोखला, सुमारे 3,450 मीटर उंचीवर, बूट, तंबू आणि कपडे घालून-वापरून पाहायला गेले. आधी यंत्रावर, मग अंगावर, आणि मगच मोहिमेवर, हा क्रम आजही योग्य आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला एमा गेटवुड. 1955 मध्ये वयाच्या 67 व्या वर्षी त्या अमेरिकेतील साधारण 3,300 किमीची ॲपालेशियन वाट एकट्या चालल्या. घरी शिवलेली पिशवी, लष्करी ब्लँकेट आणि निवाऱ्याला न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा, एवढ्यावर.

सह्याद्रीतला पावसाळा

तंबूची परीक्षा घ्यायला सह्याद्रीचा पावसाळा विलक्षण कडक आहे. आंबोली, महाबळेश्वर या पट्ट्यात हंगामात 5,000 मिमीहून अधिक पाऊस पडतो. पण खरी अडचण पावसाच्या दिशेची. कोकणातून येणारा वारा कड्याला आपटून वर चढतो. नाणेघाटात धबधब्याचे पाणी उलटे उडते ते यामुळेच. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या जागी पाऊस खालून वर येतो आणि हवेसाठी उंच ठेवलेल्या बाहेरच्या कापडाच्या काठाखालून आत शिरतो. कोरड्या प्रदेशात उत्तम ठरलेले तंबू इथे पहिल्याच रात्री हरतात. त्यात बेसाल्टचा कातळ आणि वर वीतभरही माती नाही. खुंटी शिरत नाही, तेव्हा दोरी मोठ्या धोंड्याला बांधायची आणि धोंड्याची धार दोरी कापणार नाही असे पाहायचे. जांभ्याच्या सड्यावरही, म्हणजे उघड्या कातळाच्या सपाट पठारावरही, हेच. फुलांच्या सड्यांवर मात्र तंबू लावूच नये. तिथली पातळ माती आणि वनस्पती एका मुक्कामानेही दबतात.

‘श्वास घेणाऱ्या’ जॅकेटचे दावेही इथे नीट तपासले जातात. असे पडदे आतल्या-बाहेरच्या बाष्पदाबातील फरकावर चालतात. बाहेर पंचवीस अंश तापमान आणि हवा बाष्पाने भरलेली असली की फरक फार कमी उरतो, आणि चढणारा माणूस घामाने आतून भिजतो. पोंचो किंवा छत्री घेऊन, एक कोरडा जोड प्लॅस्टिकमध्ये राखून ठेवणारे जुने ट्रेकर यामुळेच बरोबर ठरतात. भातलावणीत डोक्या-पाठीवर घेतले जाणारे बांबू-पानांचे इरले खालून पूर्ण उघडे असते आणि वाकून काम करणाऱ्याला कोरडे ठेवते. या हवेसाठी त्याहून नेमकी रचना शोधणे कठीण आहे.

चाचणी आणि नोंद

पहिली रात्र घराच्या गच्चीवर किंवा गावातल्या अंगणात काढावी, जिथून उठून आत जाता येईल. अंधारात आणि पावसात तंबू एकट्याने लावून पाहावा. नंतर डोंगरावर, पण गुहा, देऊळ किंवा वस्ती जवळ असताना. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्वतः करावे, कारण छापील वजनातून खुंट्या, दोऱ्या आणि पिशवी वगळलेली असू शकते. पावसानंतर भिजलेल्या तंबूचेही वजन घ्यावे. दोन तंबूंची तुलना त्याच रात्री, शेजारी-शेजारी लावून करावी आणि दुसऱ्या रात्री जागा बदलाव्यात. बंद तंबूत चूल पेटवून पाहणे ही चाचणी नव्हे. कार्बन मोनॉक्साइडने माणसे झोपेतच मरतात.

नोंदीत तापमान, वारा, जमीन, झोपणाऱ्यांची संख्या आणि तंबू आधी किती वापरला होता हे असावे. तो विकत घेतला की कंपनीने दिला, हेही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये समाजमाध्यमांवर जाहिरात करणाऱ्यांसाठी असा संबंध उघड करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत.

एका मुक्कामात न दिसणारे दोष हंगामभरात दिसतात. चेनचा सरकता भाग माती-वाळूने झिजतो, त्याचे ओठ फाकतात आणि दात मागे उघडे राहतात. पक्कडीने ते हलके दाबले की काही काळ काम भागते. पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत विघटित होतो. पावसाळ्यानंतर तंबू ओला किंवा अर्धवट वाळलेला माळ्यावर टाकला, तर वर्ष-दोन वर्षांत लेप चिकट होतो, आंबूस वास येतो आणि पापुद्रे सुटतात. त्यावर पुन्हा लेप देऊन तंबू क्वचितच पूर्ववत होतो.

सह्याद्रीत टिकलेला तंबू हिमालयात टिकेलच असे नाही. तिथे बर्फाचा भार छपरावर येतो, आतले दव गोठून सकाळी भुरभुरते आणि उंचीवरचे ऊन कापड लवकर जुने करते. उलट, हिमालयातल्या कोरड्या थंडीत चांगली ठरलेली पिसांची बॅग जुलैच्या राजमाचीत दमट होऊन चपटी पडते आणि तिथे कृत्रिम तंतूंची जड बॅगच अधिक ऊब देते.