शंभरच्या वेगाला कुठलं गाणं टिकतं?

पुण्याहून बंगळुरूला गेलो की दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोष्ट हमखास घडते. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी सुरू करतो आणि गिटार एकदम अंगावर कोसळते. हात घाईघाईने बटणाकडे जातो. व्हॉल्यूमचा आकडा मात्र आदल्या रात्रीचाच असतो. रात्री हायवेवर त्याच आकड्यावर गाणं जेमतेम पुरेसं वाटत होतं, आणि आता तेच सहन होत नाही.

लांबच्या प्रवासासाठी गाणी कशी निवडावी, याचं बरंचसं उत्तर या सकाळच्या दचकण्यात आहे. शंभरच्या वेगाने धावणाऱ्या साध्या मोटारीत काचा बंद असल्या तरी साधारण ६५ ते ७० डेसिबल आवाज भरलेला असतो. टायरची घरघर, इंजिन, खांबांवरून आणि आरशांवरून कापत जाणारा वारा, असं सगळं त्यात येतं. आपण त्याला इतके सरावतो की तो ऐकूच येत नाही. पण त्याच्यावर मात करण्यासाठी गाण्याचा आवाज आपण नकळत चढवत जातो. शिवाय मोठ्या आवाजात तास गेले की कान तात्पुरते बोथट होतात, मग आवाज आणखी थोडा चढतो. सकाळी गाडी उभी असते, घरघर नसते आणि झोपेने कान ताजे झालेले असतात. आकडा तोच असला तरी ऐकणारं सगळंच बदललेलं असतं.

या घरघरीचा स्वभाव महत्त्वाचा आहे. तिची बहुतेक ताकद खालच्या पट्टीत, म्हणजे काही दहा ते काही शे हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) दरम्यान असते. जाड, खर्जातला आवाज वरच्या पट्टीतल्या नाजूक आवाजांना सहज झाकून टाकतो. उलट मात्र तितक्या सहजपणे होत नाही. आपल्या कानाच्या शंखाची घडणच तशी आहे. म्हणून विलंबित ख्यालाची आलापी घरी कितीही प्रिय असली तरी हायवेवर तिची वाट लागते. स्वर लागतो, हळूच विरतो, आणि विरण्यातली सगळी गंमत टायर गिळून टाकतात.

रॉक मात्र टिकतं. नुसतं मोठ्याने वाजतं म्हणून टिकतं, असं बरेच जण समजतात. खरं कारण त्याहून सुंदर आहे.

इलेक्ट्रिक गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झला वाजते, बेस गिटारची ४१ हर्ट्झला. हे दोन्ही स्वर बरोबर टायरच्या घरघरीच्या तोंडात. साध्या, स्वच्छ स्वरात वाजवले असते तर ते तिथेच बुडाले असते. पण १९६०च्या दशकात गिटारवाल्यांनी ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीबाहेर ढकलायला सुरुवात केली. १९६४ साली ‘यू रिअली गॉट मी’साठी किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने तर स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला. कुवतीबाहेर गेलेला ॲम्प्लिफायर लाटेचे शेंडे छाटतो. गोल शेंडा सपाट झाला की त्या स्वरातून दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वर उसळून वर येतात. मूळ स्वर ८२ला असला तरी त्याचे उपस्वर थेट दोन-तीन हजार हर्ट्झपर्यंत पोहोचतात. तिथे टायरचा अंमल कमी असतो आणि आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो.

पुढचं काम मेंदू करतो. उपस्वरांची ठरावीक मांडणी ऐकली की खालचा मूळ स्वर प्रत्यक्ष कानावर न पडताही मेंदू तो भरून काढतो. घरघरीत बुडालेली बेसची ओळ आपल्याला ‘ऐकू’ येते, ती बरीचशी अशी.

मराठी घरात तंबोरा ऐकलेल्या कुणालाही यातलं निम्मं आधीच ठाऊक आहे. जवारी लावलेला तंबोरा चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. गंधाराला तार लावलेलीच नसते! षड्जाचा पाचवा उपस्वर तो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. घोडीचा रुंद, किंचित उतरता माथा आणि त्यावरचा दोरा, यांमुळे तार सरळ न थरथरता पुन्हा पुन्हा टेकते आणि उपस्वरांचा पिसारा फुलतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात याच घोडीचा विचार केला होता. जवारी आणि शेंडे छाटून मिळणारं गिटारचं डिस्टॉर्शन या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पण दोघींनी गाठलेलं ठिकाण एकच: एका स्वराच्या पोटातून अनेक स्वर बाहेर काढणं.

शेंडे छाटण्याचा आणखी एक परिणाम होतो. मोठा आवाज दाबला जातो आणि लहान त्याच्या जवळ येतो. गाडीत नेमकं हेच हवं असतं. घरघरीची पातळी ७० आणि कानाला सुखाची वरची मर्यादा साधारण ८०–८५ धरली, तर गाण्याला हलायला जेमतेम दहा-पंधरा डेसिबल जागा उरते. या अरुंद पट्टीत जे मावतं ते गाडीतलं गाणं.

म्हणूनच सगळंच क्लासिक रॉक प्रवासाला चालत नाही, हे मी आग्रहाने सांगतो. लेड झेपलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ (१९७१) घ्या. आठ मिनिटांचं गाणं. सुरुवातीला एकटी ॲकूस्टिक गिटार आणि रेकॉर्डर नावाची बासरीसारखी वाद्यं. ड्रम यायला चार मिनिटांहून जास्त वेळ लागतो. हायवेवर सुरुवात ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज चढवतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत त्याची किंमत कान मोजतात. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची (१९७३) सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी होते. हे ठोके इतके खालच्या पट्टीतले आणि इतके हलके की धावत्या गाडीत ते नसल्यातच जमा. त्याच अल्बममधल्या ‘टाइम’च्या तोंडाला मात्र कितीतरी घड्याळं एकदम ठणाणतात. पुढे ट्रक, मागे बस आणि मधे तुम्ही, अशा वेळी हा ठणाणा नको. ही दोन्ही माझी अतिशय आवडती आहेत. म्हणूनच ती मुक्कामाच्या रात्रीसाठी राखून ठेवतो.

एक सल्ला जाणकारांना रुचणार नाही. सत्तरच्या दशकातल्या मूळ ध्वनिमुद्रणांत लहान-मोठ्या आवाजातलं अंतर बरंच असे. पुढे नव्वदच्या दशकापासून निघालेल्या बऱ्याच रीमास्टर आवृत्त्यांत ते अंतर दाबून सगळं सारखंच मोठं केलं गेलं. घरच्या चांगल्या स्पीकरवर त्या आवृत्त्या थकवतात, त्यांच्यावरची टीका रास्तच आहे. पण गाडीसाठी मी तीच आवृत्ती निवडतो.

आता रस्त्याकडे येऊ. पुणे–बंगळुरू हा साधारण ८४० किलोमीटरचा रस्ता एकसारखा नाही, आणि गाणी रस्त्याप्रमाणे बदलायला हवीत. आपण ती मनःस्थितीप्रमाणे बदलतो, इथेच चुकतं.

इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातले वॉरन ब्रॉडस्की यांनी २००१ साली सिम्युलेटरवर चालक बसवून वेगवेगळ्या लयीचं संगीत ऐकवलं. लय जितकी द्रुत, तितका गाडीचा वेग वाढला. लेन ओलांडणं, लाल दिवा तोडणं, धडकणं यांचं प्रमाणही वाढलं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या वरचं संगीत त्यांच्या द्रुत गटात होतं. डीप पर्पलचं ‘हायवे स्टार’ मिनिटाला १७०च्या आसपास धावतं. हे गाणं १९७१ साली बँडच्या बसमध्येच जन्मलं. गाणी कशी लिहिता, असं एका पत्रकाराने विचारलं आणि बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याने तिथेच गिटार छेडायला सुरुवात केली. नावात हायवे आहे, जन्म रस्त्यावरचा आहे, तरीही चालकाच्या कानात ते घालू नये असं मला मनापासून वाटतं. क्वीनचं ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ १५६चं. त्यालाही हाच नियम.

मग गाणं बंदच ठेवावं का? नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संशोधकांनी २०१३ साली याच्या उलट बाजू तपासली. रटाळ रस्ता, पुढे एक गाडी, तिच्या मागे नुसतं चालत राहायचं. अशा कामात संगीत ऐकणारे चालक पुढच्या गाडीच्या वेगातल्या बदलाला अधिक चटकन प्रतिसाद देत होते. सरळ, सुस्त रस्त्यावर मेंदूला काम कमी पडतं, तेव्हा संगीत त्याला जागं ठेवतं. घाटात काम आधीच भरपूर असतं, तिथे तेच संगीत वाटेकरी होतं. पत्ता शोधताना आपण आपोआप आवाज कमी करतो, ते याचसाठी. कान आणि डोळे वेगळे असले तरी लक्षाचा साठा एकच.

त्यामुळे पुण्याहून निघताना कात्रजच्या बोगद्यापर्यंत काहीच लावत नाही. शहरातून बाहेर पडणं हेच पुरेसं काम असतं. शिरवळपर्यंत काहीतरी मध्यम लयीचं, उदाहरणार्थ फ्लीटवूड मॅकचं ‘ड्रीम्स’ (१९७७). मिनिटाला १२० ठोके, पण ठेका इतका निवांत की पाय ॲक्सिलरेटरवर जड होत नाही. खंबाटकीचा घाट आला की बंद. आणि घाट उतरून सुरूरचा फाटा दिसला की क्वीन.

सुरूरलाच क्वीन का? तिथे वाई-पाचगणीचा फाटा दाखवणारी पाटी असते आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारूख बलसारा नावाचा झांझिबारहून आलेला पारशी मुलगा शिकत होता. १९५८च्या सुमारास तिथे त्याने मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला, त्यात तो पियानो वाजवायचा. पुढे तोच क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. जगातल्या सर्वांत मोठ्या आवाजांपैकी एक आपल्या टेबललँडच्या वाऱ्यात वाढला, याचा मला त्या फाट्यावर दर वेळी नव्याने आनंद होतो.

तिथे मी ‘वी विल रॉक यू’ (१९७७) लावतो. मिनिटाला ८१ ठोके, शेवटच्या गिटारपर्यंत एकही वाद्य नाही, नुसते पाय आणि टाळ्या. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने मोजक्या माणसांचे पाय-टाळ्या मुद्रित केल्या आणि त्यांच्या प्रती थोड्या थोड्या उशिराने एकमेकींवर रचल्या. उशिराचं प्रमाण त्याने मूळ संख्यांवरून ठरवलं. मूळ संख्यांना सामाईक भाजक नसतो, त्यामुळे प्रतिध्वनींचं चक्र जुळून एकच घुमणारा आवाज तयार होत नाही. मोठी गर्दी एकाच तालात पाय आपटते आहे असं वाटतं. मे मूळचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. सूर्यमालेतल्या धुळीवरचा प्रबंध पुरा करून २००७ साली त्याने इम्पीरियल कॉलेजची डॉक्टरेट घेतली. गाडीत या गाण्यातल्या पायांचा धमधमाट टायर खातात, पण टाळी साफ वाचते.

कोल्हापूरच्या पुढे मागच्या सीटवरून तक्रार येते, आणि ती रास्त असते. साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी माणसाच्या आठवणीत सर्वांत घट्ट रुजतात. माझ्या मुलीचं ‘क्लासिक’ माझं असूच शकत नाही. शिवाय ओळखीच्या गाण्याचं सुख बरंचसं वाट पाहण्यात असतं. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २०११ साली दिसून आलं की आवडत्या गाण्याचा उत्कर्ष येण्याच्या आधीच, नुसत्या अपेक्षेने, मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवू लागतं. ईगल्सच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या शेवटची दोन गिटारची जुगलबंदी मला दोन मिनिटं आधीपासून सुखावते. मुलीसाठी ते साडेसहा मिनिटांचं एक लांबलेलं गाणं आहे. म्हणून बेळगाव ते हुबळी गाणी तिची.

हुबळीनंतर दुपार चढते आणि इथे संगीतावर विसंबू नये. इंग्लंडमधल्या लफबरोच्या रेनर आणि हॉर्न यांनी १९९८ साली पेंगुळलेल्या चालकांना रेडिओ आणि गार वारा देऊन पाहिला. दोन्हींचा उपयोग थोडाच वेळ टिकला. त्याआधी त्यांनीच दाखवलं होतं की पंधरा मिनिटांच्या आतली डुलकी किंवा १५० मिलिग्रॅम कॅफीन खूप अधिक कामाचं ठरतं. मी पेट्रोल पंपाजवळ सावली बघून गाडी लावतो, फिल्टर कॉफी घेतो आणि सीट मागे करून डोळे मिटतो. कॉफीला चढायला वेळ लागतो, तेवढ्यात डुलकी होऊन जाते.

आवाजाचाही हिशेब इथेच करतो. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेच्या निऑश या संस्थेने घालून दिलेली मर्यादा आहे ८५ डेसिबल, आठ तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ला चार तास, ९१ला दोनच. चौदा तासांच्या प्रवासात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. काच दोन बोटं उघडी असेल तर ती आधी बंद करावी. घरघर कमी झाली की गाणं आपोआप वर येतं, व्हॉल्यूमला हात लावावा लागत नाही.

चित्रदुर्ग जवळ आलं की टेकड्यांवर पवनचक्क्या दिसू लागतात. रस्ता सरळ, ऊन तिरपं, रहदारी विरळ. आता लेड झेपलिनचंच ‘काश्मीर’ (१९७५). त्या गाण्याचा काश्मीरशी संबंध नाही. गायक रॉबर्ट प्लांटला त्याचे शब्द १९७३ साली दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटातून गाडीने जाताना सुचले, न संपणाऱ्या सरळ रस्त्यावर. लय ठाय, मिनिटाला ऐंशीच्या घरात. ड्रम चार मात्रांत चालतात, गिटारचा तुकडा तीन मात्रांचा. दोघं फुटतात, दूर जातात आणि बाराव्या मात्रेनंतर पुन्हा समेवर येतात. वेग वाढवायला ते भाग पाडत नाही, पण मेंदूला मोजायला काहीतरी देत राहतं. मुलगी मागून मांडीवर तीन मोजते, मी स्टीअरिंगवर एका बोटाने चार, आणि सम आली की दोघंही एकदम मान हलवतो.