सांगोल्याचे आबा : एक मतदारसंघ, एक पक्ष, अकरा विजय

गणपतराव देशमुख ऊर्फ आबा 1962 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून पहिल्यांदा आमदार झाले तेव्हा महाराष्ट्र राज्य जेमतेम दोन वर्षांचं होतं. 2014 मध्ये ते अकराव्यांदा निवडून आले, तेव्हा वयाची पंच्याऐंशी ओलांडलेली होती. मधल्या काळात पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष. सत्तेच्या मोहापायी या पक्षातून किती जण काँग्रेसमध्ये गेले याची गणती नाही. आबा मात्र हलले नाहीत.

मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर. वकिली करायला सांगोल्यात आले आणि तिथलेच झाले. तालुका कायमचा दुष्काळी, माण नदी वर्षातले बरेच महिने कोरडी. त्यामुळे इथलं राजकारण पाण्याभोवतीच फिरतं. 1993 मध्ये क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी आटपाडीत पाणी परिषद सुरू केली, त्या लढ्यात आबा सोबत होते. कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना समन्यायी पद्धतीने मिळावं, ही मागणी वर्षानुवर्षं चालली. कृष्णेचं पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू योजनेचं पाणी पुढे सांगोल्याच्या शिवारात आलं, त्यामागे ही चिकाटी आहे. आज तालुका डाळिंबासाठी ओळखला जातो. सूतगिरण्या उभ्या राहिल्या, त्यातली एक महिलांची.

कारकीर्द सरळ रेषेत गेली असं मात्र नाही. 1972 मध्ये ते हरले आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 चा पराभव जास्त जिव्हारी लागणारा, फक्त 192 मतांचा. एवढ्या फरकाने आमदारकी गेल्यावर माणूस खचतो किंवा पक्ष बदलतो. आबांनी 1999 मध्ये तीच जागा खटारा चिन्हाच्या त्याच पक्षाकडून पुन्हा जिंकली.

1978 च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि 1999 च्या आघाडी सरकारात ते मंत्री होते. पण लोकांच्या आठवणीत राहिले ते एसटीतले आबा. आमदारांसाठी राखीव असलेल्या सीटवर बसून मुंबईला अधिवेशनाला जाणारा माणूस. सोबत गावाकडची कामं घेऊन आलेली माणसं, हातात अर्ज. मला वाटतं, अकरा विजयांचं खरं कारण या सीटवर सापडतं. भेटायला कुणाची चिठ्ठी लागत नव्हती.

2019 ला ते लढले नाहीत. नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि अवघ्या 768 मतांनी हरले. 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात आबांनी शेवटचा श्वास घेतला.