अमेरिकेतील रुग्णालयाचे बिल : दरपत्रक, विमा आणि थकबाकी यांची पार्श्वभूमी

अमेरिकेत रुग्णालयाचे बिल हातात पडते तेव्हा त्यावरची रक्कम ही बहुतेक वेळा कोणी आधी मान्य केलेली किंमत नसते. रुग्णालयाने स्वतःच्या दरपत्रकातून उचललेला तो आकडा असतो. विमा कंपनी करारानुसार त्याला कात्री लावते, सरकार आपल्या योजनांपुरते स्वतःचे दर ठरवते आणि ज्याच्या पाठीशी या दोघांपैकी कोणीच नाही, त्याच्याकडे पुष्कळदा तोच आकडा पूर्ण मागितला जातो. ही व्यवस्था कोणी एका बैठकीत आखलेली नाही, ती जवळजवळ शंभर वर्षांत थरावर थर चढून तयार झाली. बिल कमी करून घेण्याचे आजचे मार्गही याच काळातील वेगवेगळ्या भांडणांतून निघाले आहेत आणि कोणता मार्ग कशातून आला हे माहीत असेल, तर तो कोठे उपयोगी पडतो आणि कोठे अपुरा ठरतो हे लवकर उमगते.

सुरुवात साधारणपणे १९२९ सालच्या डॅलसपासून सांगितली जाते. तेथील शाळांचे माजी अधीक्षक जस्टिन फोर्ड किम्बल हे बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचा कारभार पाहू लागले, तेव्हा थकलेल्या बिलांमध्ये त्यांना शिक्षकांची नावे मोठ्या संख्येने आढळली. त्यांनी तोडगा काढला तो असा : प्रत्येक शिक्षकाने दरमहा ५० सेंट भरावेत आणि त्या बदल्यात वर्षातून २१ दिवसांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळावेत. पुढे ‘ब्लू क्रॉस’ म्हणून देशभर पसरलेल्या योजनांचे मूळ येथे आहे. या योजनेचा हेतू शिक्षकांना दिलासा देण्याचा जितका होता, तितकाच रुग्णालयाची वसुली सुरळीत करण्याचाही होता, हे विसरता कामा नये. आजाराचा खर्च सर्वांवर सारखा पडत नाही, थोड्या कुटुंबांवर तो एकदम कोसळतो, असे वैद्यकीय खर्चाचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय समितीने १९३२ च्या अहवालात दाखवून दिले आणि सामूहिक वर्गणीची शिफारस केली. डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला कडाडून विरोध केला.

दुसऱ्या महायुद्धात वेतनवाढीवर निर्बंध आले. कामगार टिकवण्यासाठी पगार वाढवता येईना, म्हणून मालकांनी आरोग्य विमा देऊ केला आणि १९५४ च्या करसंहितेने मालकाने भरलेला हा हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नातून स्पष्टपणे वगळला. विमा नोकरीला चिकटला तो असा. नोकरीबाहेरच्या वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजना १९६५ मध्ये आल्या, तरी नोकरी सुटलेला, हंगामी काम करणारा किंवा छोट्या दुकानात राबणारा मोठा वर्ग नोकरीचा विमा आणि या योजना यांच्या मधल्या फटीत राहिला.

दरपत्रकाचा आकडा वास्तवापासून सर्वाधिक दूर गेला तो यानंतर. मेडिकेअर सुरुवातीला रुग्णालयाला प्रत्यक्ष झालेल्या खर्चाच्या हिशेबाने पैसे देत असे. १९८३ पासून तिने आजाराच्या गटानुसार आधीच ठरवलेली रक्कम द्यायला सुरुवात केली. त्याच सुमारास खासगी विमा कंपन्या ठरावीक रुग्णालयांचे जाळे बांधून सवलती मागू लागल्या. सवलत दरपत्रकावर टक्केवारीने ठरत असेल, तर दरपत्रक चढे ठेवण्यातच रुग्णालयाचा फायदा. परिणामी ज्याच्या बाजूने घासाघीस करणारे कोणी नव्हते, त्या विमा नसलेल्या माणसाच्या वाट्याला सर्वांत चढा दर आला. रुग्णालये यावर सांगत की, सरकारी नियमांमुळे आम्हांला सर्वांना एकच दर लावावा लागतो, गरिबाला सूट देता येत नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री टॉमी थॉम्प्सन यांनी रुग्णालयांच्या संघटनेला पत्राने कळवले की, असा कोणताही अडसर नाही, सूट देता येते. त्या एका पत्राने अनेक वर्षांची सबब संपली. त्याच वर्षी धर्मादाय म्हणवणाऱ्या रुग्णालयांवर ठिकठिकाणी खटले भरले गेले. त्यांतील बरेच टिकले नाहीत, पण प्रश्न चव्हाट्यावर आला.

प्रश्न करमाफीचा होता. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक सर्वसाधारण रुग्णालये ना-नफा तत्त्वावर चालतात आणि त्यांना कर भरावा लागत नाही. १९५६ च्या नियमानुसार अशा रुग्णालयाने आपल्या ऐपतीप्रमाणे गरिबांवर मोफत किंवा कमी दरात उपचार करणे अपेक्षित होते. १९६९ मध्ये करखात्याने ही अट सैल करून ‘समाजाचा लाभ’ हा मोघम निकष आणला आणि पुढची चार दशके करमाफी चालू राहूनही मोफत उपचार किती करायचे, याचे उत्तर रुग्णालयाच्या मर्जीवर राहिले. माझ्या मते या साऱ्या इतिहासात रुग्णाचे सर्वाधिक नुकसान याच एका बदलाने केले, कारण त्याने हक्काचे रूपांतर मेहेरबानीत केले. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने करसंहितेत नवे कलम घालून हे काही प्रमाणात सुधारले. ना-नफा रुग्णालयाकडे आर्थिक मदतीचे लेखी धोरण असलेच पाहिजे. त्या धोरणाला पात्र ठरलेल्या रुग्णाकडून तातडीच्या किंवा आवश्यक उपचारांसाठी विमाधारकांना सर्वसाधारणपणे लागणाऱ्या रकमेपेक्षा जास्त घेता येत नाही. आणि तो पात्र आहे की नाही हे तपासण्याचा प्रामाणिक प्रयत्न केल्याशिवाय कोर्टात खेचणे, पगारातून वसुली करणे, घरावर बोजा चढवणे अशी कठोर पावले उचलता येत नाहीत. मात्र उत्पन्नाची मर्यादा किती ठेवायची हे कायद्याने रुग्णालयावरच सोडले. त्यामुळे एका रुग्णालयात ज्याचे सगळे बिल माफ होते, त्याला दुसऱ्या रुग्णालयात कदाचित काहीच मिळत नाही. शिवाय नफ्यासाठी चालणाऱ्या रुग्णालयांना हे कलम लागू नाही.

विमा असलेल्यांचे दुखणे वेगळे होते. तातडीच्या विभागात आलेल्या कोणालाही तपासून त्याची प्रकृती स्थिर केलीच पाहिजे, असा कायदा १९८६ मध्ये झाला, पण त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर तो गप्प राहिला. नियोजित शस्त्रक्रियेतही घोळ होता. रुग्ण आपल्या विम्याच्या जाळ्यातले रुग्णालय आणि जाळ्यातलाच शल्यविशारद शोधून जाई, परंतु भूल देणारा डॉक्टर, क्ष-किरण तपासणारा किंवा पेशींचा नमुना पाहणारा तज्ज्ञ यांच्यापैकी कोणाचा त्या विमा कंपनीशी करार नसला, की त्याचे स्वतंत्र बिल घरी येई आणि विमा कंपनीने दिल्यावर उरलेली रक्कमही रुग्णाकडे मागितली जाई. शुद्ध हरपलेल्या माणसाने भूल देणाऱ्याचा करार कोणाशी आहे हे विचारावे, अशी अपेक्षा यात गृहीत होती आणि ती निव्वळ अन्यायाची होती. न्यूयॉर्कने २०१४ मध्ये याविरुद्ध कायदा केला आणि इतर राज्ये मागोमाग आली. पण ज्या मोठ्या कंपन्या कामगारांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून करतात, त्यांच्या योजना १९७४ च्या केंद्रीय कायद्यामुळे राज्यांच्या कक्षेबाहेर राहिल्या.

अखेर २७ डिसेंबर २०२० रोजी सही झालेला केंद्रीय कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. तातडीचे उपचार, जाळ्यातल्या रुग्णालयात भेटलेले जाळ्याबाहेरचे डॉक्टर आणि हवाई रुग्णवाहिका या तिन्ही बाबतींत विमाधारकाने फक्त जाळ्यातल्या दराप्रमाणे आपला वाटा द्यायचा आणि उरलेल्या रकमेचा वाद विमा कंपनी व डॉक्टर यांनी लवादापुढे मिटवायचा, असे ठरले. भूल, क्ष-किरण यांसारख्या सेवांसाठी रुग्णाची सही घेऊन ही सुरक्षा काढूनही घेता येत नाही. विमा नसलेल्या किंवा स्वतः पैसे भरणाऱ्या रुग्णाला नियोजित उपचारापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज मिळाला पाहिजे. प्रत्यक्ष बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त निघाले, तर १२० दिवसांत तक्रार करता येते. रस्त्याने धावणारी रुग्णवाहिका मात्र कायद्यातून वगळली गेली आणि ती उणीव अजून भरलेली नाही.

तरीही थकबाकी उरतेच, कारण विमा असणे आणि खर्च परवडणे या दोन गोष्टी एक राहिल्या नाहीत. २००३ च्या कायद्याने आरोग्य बचत खात्यांना करसवलत दिली, पण ती मोठ्या डिडक्टिबलच्या योजनेशी जोडली. अशा योजनेत सुरुवातीचे हजारो डॉलर रुग्णाने स्वतः भरायचे असतात, त्यामुळे विमाधारकही कर्जदार होऊ लागले. जून २०२१ मध्ये पतअहवालांवर, म्हणजे माणसाच्या कर्जफेडीच्या नोंदींवर, ८८ अब्ज डॉलरची वैद्यकीय थकबाकी नोंदलेली होती, असे केंद्रीय ग्राहक आर्थिक संरक्षण संस्थेने म्हटले. पुढे तिन्ही मोठ्या पतनोंद कंपन्यांनी भरलेली वैद्यकीय देणी अहवालांतून काढली, नव्या नोंदीसाठी एक वर्ष थांबायचे ठरवले आणि २०२३ मध्ये ५०० डॉलरखालच्या नोंदी वगळल्या. सर्वच वैद्यकीय नोंदी काढण्याचा सरकारी नियम जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला, परंतु जुलैमध्ये टेक्सासमधील केंद्रीय न्यायालयाने तो रद्द केला. आता बरेचसे संरक्षण राज्याराज्यांच्या कायद्यांवर अवलंबून आहे.

वसुलीच्या धंद्यातून बाहेर पडलेल्या दोघांनी २०१४ मध्ये एक धर्मादाय संस्था काढली. जुनी देणी मूळ रकमेच्या अगदी थोड्या हिश्श्यात विकत घेऊन ती माफ करायची, हे तिचे काम. उपक्रम मनापासूनचा आहे. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा माफीने लोकांच्या आर्थिक वा मानसिक स्थितीत सरासरीने फारसा फरक पडलेला दिसला नाही. देणे विकायला निघेपर्यंत बराच काळ लोटलेला असतो, तोवर माणसाने ते मनातून सोडून दिलेले किंवा त्यापायी दुसरे कर्ज काढलेले असते, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते.

म्हणून वेळेचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. ना-नफा रुग्णालयाने घरी सोडल्यानंतर पाठवलेल्या पहिल्या बिलापासून किमान १२० दिवस कठोर वसुली सुरू करायची नसते आणि मदतीचा अर्ज २४० दिवसांपर्यंत स्वीकारावा लागतो. देणे वसुली एजन्सीकडे गेल्यानंतरही, ही मुदत शिल्लक असेल, तर अर्ज करता येतो. अर्ज पूर्ण असल्यास निर्णय होईपर्यंत कठोर वसुली थांबवावी लागते आणि रुग्ण पात्र ठरल्यास त्याने जास्तीचे भरलेले पैसे, फार किरकोळ नसतील तर, परत द्यावे लागतात.