कडक जेल आणि ओढणारं जेल

सोलापुरात एम.एस्सी.च्या प्रकल्पांची पोस्टर्स लागली की एक वाक्य हमखास दिसतं: ‘पेशींवर 10 किलोपास्कल बल दिले.’ प्रत्यक्षात 10 किलोपास्कल कडकपणाच्या पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलवर पेशी नुसत्या वाढवलेल्या असतात. बल कुणीच दिलेलं नसतं.

हे साधं जेल, म्हणजे पाण्यानं फुगलेलं पॉलिमरचं जाळं, सगळ्यांना माहीत आहे. अ‍ॅक्रिलामाइड आणि बिस-अ‍ॅक्रिलामाइड या दोन घटकांचं प्रमाण बदललं की कडकपणा बदलतो. 2006 मध्ये एंग्लर, डिशर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मूळपेशी मऊ जेलवर चेतापेशींच्या, मध्यम जेलवर स्नायूंच्या आणि कडक जेलवर हाडाच्या वाटेला लागतात. त्यावर जास्त बोलायला नको.

खरा घोळ एककाचा आहे. कडकपणा पास्कलमध्ये मोजतात आणि प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रफळावरचं बल, तेही पास्कलमध्येच. पण कडकपणा हा जेलचा गुणधर्म. वर एकही पेशी नसली तरी तो असतोच. प्रतिबल येण्यासाठी कुणीतरी जेल ताणावं लागतं, आणि साध्या जेलवर ते काम पेशी स्वतः करते. मागावरचा ताणा घट्ट की सैल, हे विणकराला बोटानं ओढून कळतं. धागा बोटाला ओढायला येत नाही. 10 किलोपास्कलचं जेल पेशीनं 5 टक्के ताणलं, तर प्रतिबल भरतं अवघं 0.5 किलोपास्कल. पोस्टरवरचा आकडा वीसपट चुकला!

प्रतिसादी हायड्रोजेलमध्ये, म्हणजे प्रकाश किंवा उष्णता मिळाली की बदलणाऱ्या जेलमध्ये, ओढणारा बदलू शकतो. दरवेळी बदलतोच असं नाही. प्रकाशानं बंध तोडून जेल मऊ केलं, तर प्रयोग चालू असताना कडकपणा बदलला, इतकंच. त्यालाही ‘बल दिले’ म्हणू नये. पॉलि-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलामाइड हे जेल मात्र तापताना सुमारे 32 अंश सेल्सिअसला पाणी सोडून आक्रसतं आणि चिकटलेल्या पेशीला खरोखर ओढतं. त्यात सोन्याचे नॅनोकण घालून अवरक्त प्रकाशाची उघडझाप केली, की ही ओढ पुन्हा पुन्हा देता येते.

इथेही सांभाळावं लागतं. इनक्युबेटर 37 अंशांवर असतो, म्हणजे जेल आधीच आक्रसलेलं. जलस्नेही सहमोनोमर (पाण्याशी जुळणारा जोडघटक) जोडून तो उंबरठा वर न्यावा लागतो. शिवाय आक्रसताना जेल कडकही होतं, आणि प्रकाशामुळे पेशी तापते ती वेगळीच. म्हणून तेवढाच प्रकाश, तेवढीच उष्णता, पण न आक्रसणारं जेल, असा नियंत्रण प्रयोग हवाच. तो नसेल, तर याप, म्हणजे पेशीला ताण जाणवला की केंद्रकात जाणारं प्रथिन, तिथं शिरल्याचं चित्र कितीही स्वच्छ असो, ते बलामुळे शिरलं हे मी मान्य करत नाही.