बंदी उच्चारावर: परदेशस्थ चिन्यांचं कँटोनीज पॉप

कँटोनीज (दक्षिण चीन आणि हाँगकाँगची भाषा) पॉप हाँगकाँगात जन्मलं आणि तिथून जगभरच्या चायनाटाउनांत गेलं, असं सर्रास सांगतात. क्रम इतका सरळ नाही. १९७०च्या आसपास हाँगकाँगची तरुण पोरं इंग्रजी आणि मँडरीन (चीनची राजभाषा) गाणी ऐकायची; कँटोनीज गाणं म्हणजे आजीआजोबांचा ऑपेरा. त्याच सुमारास मलेशिया-सिंगापूरचे गायक मात्र कँटोनीजमध्ये गात होते आणि त्यांच्या तबकड्या हाँगकाँगात खपत होत्या. १९७४पासून हाँगकाँगच्या टीव्ही मालिकांची कँटोनीज शीर्षकगीतं गाजू लागली आणि मग पारडं फिरलं.

त्याआधीचा काळ लांबलचक आहे. १८५२ मध्येच शंभरावर कलावंतांची कँटोनीज ऑपेरा मंडळी सॅन फ्रान्सिस्कोत उतरली होती. पण अमेरिकेतले जुने स्थलांतरित बहुतांशी सी यिप, म्हणजे 'चार जिल्हे', या भागातले. आपल्या माझगावच्या चिनी मंदिराला याच जिल्ह्यांचं नाव आहे. त्यांची घरची बोली शहरी कँटोनीजहून बरीच वेगळी होती.

खरी गाठ बसली ती सिंगापुरात. सप्टेंबर १९७९ मध्ये तिथे 'मँडरीन बोला' मोहीम सुरू झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत होक्कियेन, तिओच्यू, कँटोनीज या दक्षिण चिनी भाषांतले कार्यक्रम रेडिओ-टीव्हीवरून हटले आणि हाँगकाँगच्या मालिका मँडरीनमध्ये डब होऊ लागल्या. कारण दिलं गेलं ते असं: या 'बोली' आहेत, आणि घरात बोली असली की शाळेत मुलांना इंग्रजी आणि मँडरीन पेलत नाही. या युक्तिवादात तथ्य नव्हतंच असं नाही. पण 'बोली' हा शब्द इथे फार सोयीने वापरला गेला. कँटोनीज आणि मँडरीन बोलणाऱ्यांना एकमेकांचं बोलणं कळत नाही. त्यातही गंमत अशी, की कँटोनीज गाण्यांचे शब्द बहुधा प्रमाण लिखित चिनीतच असतात. कॅसेटच्या आतला कागद बीजिंगचा माणूसही सहज वाचेल. म्हणजे बंदी आली ती शब्दांवर नाही, उच्चारावर.

आणि उच्चार हेच तर या गाण्याचं मर्म. कँटोनीजमध्ये सहा सूर; सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. चाल वर जाताना शब्द खालच्या सुराचा आला, तर कानाला भलताच शब्द ऐकू येतो. म्हणून तिथले गीतकार आधी चालीवर आकडे बसवतात: शून्य, दोन, चार, तीन. या चार आकड्यांचे कँटोनीज उच्चार चार वेगवेगळ्या उंचीचे आहेत. आकडे जुळले की मग त्यांच्या जागी शब्द. मँडरीन गाण्यात हे बंधन जवळपास नसतंच, त्यामुळे तेच शब्द त्याच चालीवर मँडरीनमध्ये म्हटले की शिवण उसवते.

गाणी थांबली मात्र नाहीत. मलेशियातल्या क्वालालंपूर आणि इपोहमध्ये बाजाराची भाषाच कँटोनीज, आणि मलेशियन वाहिन्या सिंगापूरच्या अँटेनावरही दिसायच्या. पुढे २०१६ मध्ये सिंगापूरच्याच सरकारला ज्येष्ठांपर्यंत योजना पोचवायला होक्कियेन मालिका काढावी लागली.

हाँगकाँग चीनला परत देण्याच्या १९८४च्या चीन-ब्रिटन करारानंतर हाँगकाँगची कुटुंबं कॅनडातल्या टोरोंटो आणि व्हँकूव्हरला निघाली. सोबत आल्या व्हिडिओ कॅसेट आणि नंतर कॅराओकेच्या डिस्क. बॅलन्सचं बटण एका टोकाला फिरवलं की गायकाचा आवाज गायब, उरते नुसती साथ, आणि पडद्यावर ओळी. चिनी अक्षरं न येणारी मुलं ऐकून-ऐकून गाणं पाठ करायची. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीच्या कसिनोंनीही हे गिऱ्हाईक बरोबर हेरलं: हाँगकाँगचे गायक तिथे जाऊन गायचे.

२०००नंतर मँडरीन पॉपने बाजार व्यापला. मग जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनने हाँगकाँगकरांसाठी नवा व्हिसा खुला केला आणि दीड लाखाहून जास्त लोक तिकडे गेले. आता मँचेस्टरमध्येही हाँगकाँगच्या गायकांच्या मैफली होतात आणि प्रेक्षक अख्खी कडवी स्वतःच म्हणतात.