नाक आणि सायनसचा कॅन्सर

नाकाच्या आतली पोकळी आणि तिच्या आजूबाजूला चेहऱ्याच्या हाडांत असलेल्या हवेच्या पोकळ्या म्हणजे सायनस, या दोन्हींच्या आतल्या अस्तरातून सुरू होणारे कॅन्सर एकाच गटात धरतात, कारण बऱ्याचदा पेशंट डॉक्टरकडे पोचेपर्यंत गाठ नक्की कुठून सुरू झाली हेच कळेनासं झालेलं असतं. सायनसच्या चार जोड्या असतात, गालाच्या हाडातलं मॅक्सिलरी, दोन डोळ्यांच्या मधलं एथमॉइड, कपाळातलं फ्रंटल आणि पार मागे कवटीच्या तळाशी स्फेनॉइड. कॅन्सर जास्त करून नाकाच्या पोकळीत आणि गालाच्या सायनसमध्ये होतो, त्याखालोखाल एथमॉइडमध्ये, बाकी दोन ठिकाणी अगदी क्वचित. नाकाच्या मागे घशाच्या वरच्या भागात होतो तो नेझोफॅरिन्क्सचा कॅन्सर, तो वेगळा आजार आहे आणि त्याचे उपचारही वेगळे.

आजार दुर्मिळ आहे. डोकं आणि मान या भागातल्या १०० कॅन्सरमागे हे साधारण ३ ते ५ असतात. पुरुषांत बायकांपेक्षा जवळजवळ दुप्पट, आणि बहुतेक पेशंट पन्नाशीच्या पुढचे.

याच्या कारणांमध्ये माणसाचं काम फार मोठा भाग व्यापतं आणि हे नीट सांगायलाच हवं. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात एस्मे हॅडफिल्ड या ईएनटी सर्जनच्या लक्षात आलं की एथमॉइडच्या अॅडिनोकार्सिनोमाचे (ग्रंथींच्या पेशींपासून होणाऱ्या कॅन्सरचे) पेशंट एकामागून एक लाकूडकाम करणारेच निघतायत, एरवी इतका दुर्मिळ आजार आणि तो नेमका याच लोकांत. पुढच्या अभ्यासांत ते पक्कं झालं, मग बूट बनवणाऱ्या कामगारांतही चामड्याच्या धुळीमुळे तसंच दिसलं. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कॅन्सर संस्थेने लाकडाची धूळ माणसात कॅन्सर करते असं ठरवून टाकलं. ओक, बीच अशा कठीण लाकडांची बारीक धूळ जास्त घातक, आणि धूळ नाकात जायला लागल्यापासून आजार दिसेपर्यंत ३०-४० वर्षंही जातात, त्यामुळे रिटायर झालेल्या सुताराला नाकाचा त्रास सुरू झाला तर तरुणपणीचं काम विचारलंच पाहिजे. निकेल शुद्ध करायच्या कारखान्यातले कामगार, तंबाखू ओढणारे यांनाही धोका जास्त. इन्व्हर्टेड पॅपिलोमा नावाची नाकातली साधी गाठ असते, तिच्यातही काही जणांत पुढे कॅन्सर होतो, म्हणून ती काढून टाकतात आणि काढल्यावरही लक्ष ठेवतात.

प्रकार भरपूर आहेत. अस्तराच्या चपट्या पेशींपासून होणारा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा सगळ्यात जास्त, मग अॅडिनोकार्सिनोमा, लाळेच्या ग्रंथींसारख्या छोट्या ग्रंथींतून होणारा अॅडिनॉइड सिस्टिक, रंगद्रव्याच्या पेशींचा मेलॅनोमा, पांढऱ्या पेशींचा लिम्फोमा, आणि वास घेणाऱ्या पेशींपासून होणारा ऑलफॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा.

खरी अडचण अशी की सायनस ही रिकामी जागा आहे, गाठ आत वाढत राहते आणि बराच काळ काही दुखतच नाही, आणि जो त्रास होतो तो सर्दी किंवा सायनसच्या साध्या इन्फेक्शनसारखाच, त्यामुळे महिनोन्महिने स्प्रे आणि अँटिबायोटिक चालू राहतात. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे एकच बाजू. एकाच नाकपुडीतून श्वास अडणं, एकाच बाजूने रक्त किंवा घाण वास येणारा स्राव, एकाच गालाला सूज किंवा बधिरपणा. कारण नसताना वरचे दात हलायला लागणं, नीट बसणारी कवळी अचानक न बसणं, डोळा पुढे येणं, एकाच्या जागी दोन दिसणं ही गाठ पसरल्याची चिन्हं. एका बाजूचा त्रास औषधांनी दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर ईएनटी डॉक्टरांकडून दुर्बिणीने नाक तपासून घ्यावं, इथे वाट बघण्यात काहीच फायदा नाही.

सीटी स्कॅनमध्ये हाड किती खाल्लं गेलंय ते कळतं, एमआरआयमध्ये गाठ कुठली आणि नुसता साचलेला स्राव कुठला हे वेगळं दिसतं आणि डोळा, नसा, मेंदूचं आवरण यांच्यापर्यंत ती पोचली का तेही. तपासणीसाठी गाठीचा तुकडा (बायॉप्सी) शक्यतो स्कॅन झाल्यावरच काढतात, कारण काही गाठींत खूप रक्त असतं आणि क्वचित नाकातली गाठ म्हणजे खाली उतरलेला मेंदूचा भागही निघतो.

उपचारात बहुतेक वेळा आधी ऑपरेशन आणि मग साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन. पूर्वी चेहऱ्यावर चीर देऊन वरच्या जबड्याचं हाड काढायचे, आता निवडक पेशंटमध्ये नाकातून दुर्बिणीनेच पूर्ण गाठ निघते, पण डोळा किंवा मेंदूजवळ पसरलेली असेल तर मोठं ऑपरेशन लागतंच, कधी न्यूरोसर्जनही सोबत असतात, आणि क्वचित डोळाही काढावा लागतो. टाळू गेला तर ऑब्च्युरेटर नावाची खास प्लेट बसवतात म्हणजे खाता-बोलता येतं, नाहीतर पायाचं हाड आणि मांस आणून जबडा उभा करतात. डोळ्याची नस वाचवायला आयएमआरटी (गाठीच्या आकाराप्रमाणे नेमकं दिलेलं रेडिएशन) किंवा प्रोटॉन कणांचं रेडिएशन वापरतात. किमो सगळ्यांना लागत नाही, पण लिम्फोमाचा उपचार मुख्यतः किमो आणि रेडिएशननेच होतो, आणि काही आक्रमक प्रकारांत आधी किमो देऊन गाठ कशी उतरते ते बघून पुढचं ठरवतात.

सगळे प्रकार धरले तर निम्म्याच्या आसपास किंवा थोडे जास्त पेशंट पाच वर्षांपुढे जगतात, लवकर सापडलेल्यांत हे प्रमाण बरंच चांगलं. आजार उलटला तर बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत आणि त्याच जागी उलटतो, पण ऑलफॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा आणि अॅडिनॉइड सिस्टिक दहा वर्षांनीही परत येतात म्हणून त्या पेशंटची तपासणी पाच वर्षांवर थांबवत नाहीत, आणि रेडिएशन घेतलेल्यांची नजर आणि पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचे हॉर्मोनही अधूनमधून बघत राहावे लागतात.