फ्लॅशकार्ड आणि वाढत्या अंतराची उजळणी

कार्डाच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागे उत्तर. उत्तर आठवले की त्या कार्डाची पुढची उजळणी लांबवायची, चुकले की जवळ आणायची, अशी अभ्यासाची पद्धत. स्पर्धा परीक्षा, वैद्यकीय शिक्षण आणि परक्या भाषा यांच्या तयारीत ती विशेष उपयोगी पडते. सातारा, कराडच्या अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या उमेदवारांचा बराच वेळ तेच पान पुन्हा पुन्हा वाचण्यात जातो. पान ओळखीचे होते, त्यामुळे पाठ झाल्यासारखे वाटते. पेपरात मात्र पान समोर नसते. म्हणून कार्ड उलटण्याआधी उत्तर मनाशी किंवा मोठ्याने म्हणायचे, हा या पद्धतीचा प्राण आहे. तो पाळला नाही, तर कितीही कार्डे केली तरी फायदा नाही.

पाठांतर आपल्याकडे जुनेच. दिवेलागणीला पाढे, पावकी, निमकी, दिडकी असा परवचा म्हटला जाई. त्यात आठवून म्हणणे होते, नेम होता. पण पक्के झालेलेही रोज आणि कच्चे राहिलेलेही रोजच. वाढत्या अंतराच्या उजळणीत वेळ वाचतो तो नेमका इथे.

हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये विस्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट तो स्वतःच पाठ करी आणि ठरावीक काळाने पुन्हा पाठ करताना किती कष्ट वाचले ते मोजी. शिकल्यानंतर विसरणे आधी झपाट्याने होते आणि मग मंदावते, हे त्याने दाखवले. आदल्या दिवशी सलग केलेल्या 68 आवर्तनांइतकाच परिणाम तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवर्तनांनी साधला, ही त्याची नोंद परीक्षार्थींनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 1972 मध्ये झेबास्टियान लाइटनर यांनी कप्प्यांची पेटी लोकप्रिय केली. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात जाते. बरोबर आले की पुढच्या कप्प्यात, चुकले की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, पुढचे अधिकाधिक दिवसांनी. चपलांचा रिकामा खोका आणि जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे तुकडे एवढ्यावर हे घरी जमते.

खरी मेहनत कार्ड लिहिण्यात आहे. ‘कोयना धरणाची माहिती सांगा’ हे कार्ड वाया जाते, कारण निम्मे उत्तर आले तर ते बरोबर धरायचे की चूक, हे ठरत नाही. त्याचे तुकडे करावेत: धरण कोणत्या तालुक्यात? पाटण. जलाशयाचे नाव? शिवसागर. कोयनेचा भूकंप कधी? 11 डिसेंबर 1967. सारख्या दिसणाऱ्या गोष्टींची गल्लत होते, तिथे फरकच विचारावा. दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला 1949 मध्ये, त्याचे ‘सांगली’ असे नामकरण झाले 1960 मध्ये. या दोन सालांची दोन कार्डे हवीत. दुसऱ्याची तयार कार्डे घेण्यापेक्षा स्वतः लिहिलेली बरी, कारण लिहिताना मजकूर समजून घ्यावाच लागतो. न समजलेल्या मजकुराचे कार्ड करूच नये.

कार्डे शेकड्यांनी झाली की खोका पुरत नाही. पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाक यांनी 1987 मध्ये सुपरमेमो हा संगणक कार्यक्रम तयार केला. त्यांच्या एसएम-2 या सूत्रात पहिली उजळणी 1 दिवसाने, दुसरी 6 दिवसांनी येते आणि पुढचे प्रत्येक अंतर कार्डाच्या सोपेपणानुसार गुणले जाते. 2006 मध्ये आलेले डेमियन एल्म्स यांचे ‘अंकी’ याच घराण्यातले. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर ते फुकट मिळते, आणि त्यात देवनागरीत कार्डे करता येतात.

पद्धतीला मर्यादा आहेत. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. मुद्द्यांची मांडणी कार्डाने येत नाही, त्यासाठी उत्तरे लिहूनच पाहावी लागतात. कलमे, साले, समित्या, नद्या यांना मात्र कार्डांचा मोठा आधार होतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरुवात केली, तर अंतर वाढवायला दिवसच उरत नाहीत. सणासुदीत किंवा सुगीत चार दिवस खंड पडला की उजळणी राहिलेल्या कार्डांचा ढीग साचतो आणि अनेकजण तिथेच पद्धत सोडून देतात. अशा वेळी नवी कार्डे थांबवावीत आणि ढीग रोज थोडा थोडा उपसावा.